काचेआडून घाट टिपायचा तर: गाडीतला गोप्रो हिरो १२ ब्लॅक

गाडीत बसून रस्ता टिपण्यासाठी गोप्रो हिरो १२ ब्लॅक घ्यावा का? घ्यावा, पण एका अटीवर. जाहिरातीत ज्या गोष्टी मिरवल्या जातात, त्यातल्या निम्म्या बंद करून ठेवायची तयारी हवी. सायकलच्या हँडलवर, हेल्मेटवर, पाण्यात हा कॅमेरा ज्या गुणांमुळे भारी ठरतो, तेच गुण गाडीच्या काचेमागे डोकेदुखी होतात. हे परीक्षण तेवढ्याच एका वापराचं आहे: ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून निघायचं, पुढच्या काचेआडून पाम बीच, माळशेज, कसारा टिपायचा आणि लोक शेवटपर्यंत बघतील असा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा. डॅशकॅम म्हणून हा कॅमेरा घेऊ नका. त्या कामाला याच्या निम्म्याहून कमी पैशांत जास्त भरवशाची वस्तू मिळते.

कॅमेरा सप्टेंबर २०२३ मध्ये आला, भारतातली किंमत तेव्हा ४५,००० रुपये होती. वर्षभराने हिरो १३ आला, त्यामुळे १२ आता सवलतीत आणि सेकंडहँडही मिळतो. सेन्सर १/१.९ इंची, लेन्स एफ/२.५, व्हिडिओ ५.३के सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत, बिटरेट (म्हणजे दर सेकंदाला साठणारी माहिती) जास्तीत जास्त १२० एमबीपीएस, बॅटरी १७२० एमएएच. यातला ५.३केचा आकडा विसरून गेलात तरी चालेल. काचेच्या आतून ४के २५ फ्रेम पुरेसं आहे, कारण चित्राची धार सेन्सरच्या आधी काचेवरच मरते.

सगळ्यात आधी हायपरस्मूथ बंद करा. ऐकायला उलटं वाटेल, कारण या कॅमेऱ्याची ख्याती त्याच्यावरच आहे. पण हायपरस्मूथ कॅमेऱ्यातल्या जायरोवरून, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या सेन्सरवरून, चित्र स्थिर करतो. रस्ता स्थिर ठेवण्यासाठी तो फ्रेम हलवतो, आणि फ्रेममध्ये बॉनेट, डॅशबोर्डची कड किंवा काचेचा खांब असेल तर तो भाग रस्त्याच्या तुलनेत तरंगायला लागतो. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला खड्ड्यातून गाडी गेली की डांबर शांत आणि बॉनेट जेलीसारखं डुलतंय, असं चित्र मिळतं. दोन मिनिटांत बघणाऱ्याचं डोकं दुखतं.

वळणावर तर आणखी गंमत. कसाऱ्याच्या एखाद्या आवळ वळणाला गाडी वळायला लागते, तेव्हा हायपरस्मूथला ते वळण सुरुवातीला धक्का वाटतं. तो फ्रेम जुन्या दिशेलाच धरून ठेवतो. गाडी वीस-पंचवीस अंश फिरली की त्याच्याकडची कडेची जागा संपते, आणि मग चित्र एकदम झेप घेऊन गाडीला गाठतं. वळण संपताना पुन्हा तेच, उलट्या बाजूला. चालवणाऱ्याने स्टिअरिंग कितीही मऊ फिरवलं तरी व्हिडिओत तो नवशिका दिसतो. ऑटोबूस्ट या त्याच्या जास्त ताकदीच्या प्रकारात हे आणखी वाढतं, क्षितिज सरळ धरणाऱ्या होरायझन लॉकमध्ये वर कापाकापीही जास्त होते. ऑफ ठेवा.

मग स्थिरता आणायची कुठून? माउंटमधून. सक्शन कप एकच, पण चांगल्या रबराचा, आणि कप ते कॅमेरा यांच्यामध्ये कमीत कमी सांधे. डब्यासोबत दोन-तीन आर्म मिळाले म्हणून सगळे जोडायचे नसतात. आर्म जितका लांब तितकी थरथर जास्त. डिझेल गाडी सिग्नलला उभी असताना चित्रात बारीक लाटा दिसत असतील तर दोष आर्मचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. सेन्सर ओळीओळीने चित्र वाचतो, त्यामुळे बारीक कंपनाच्या लाटा होतात. त्यावर साधा उपाय म्हणजे कॅमेऱ्याचा वरचा कोपरा आणि काच यांच्यामध्ये रबराचा छोटा तुकडा दाबून बसवायचा. कॅमेऱ्याला दुसरा टेकू मिळाला की लाटा बऱ्याचशा जातात. नंतर अंगठ्याचा स्क्रू शेवटचा अर्धा आटा आवळायचा. तापल्यावर प्लॅस्टिक सैल पडतं आणि तासाभराने क्षितिज कलायला लागतं.

कप लावायच्या जागेचं गणित थोडं किचकट आहे. काचेच्या वरच्या पट्टीतल्या काळ्या ठिपक्यांवर कप धरत नाही, कारण तिथला पृष्ठभाग खडबडीत असतो. त्याच्या खाली, आरशाच्या मागे बहुतेक गाड्यांत फास्टॅगचा स्टिकर असतो. त्याच्या खाली, किंचित डावीकडे, म्हणजे शेजारच्या सीटच्या बाजूला कॅमेरा बसवा. नव्या गाड्यांत आरशामागे रेन सेन्सर किंवा एडासचा (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असतो, तो झाकू नका. वायपरचं पातं जिथवर फिरतं त्या पट्ट्यातच लेन्स यायला हवी. उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही, जूनमध्ये पहिल्या सरीला कळतं. आणि चालकाच्या नजरेच्या आड काहीही येता कामा नये, हा नियम चित्रापेक्षा मोठा. डॅशबोर्डवर शेजारच्या एअरबॅगच्या झाकणावर तर काहीच चिकटवू नका. एअरबॅग उघडली की तो कॅमेरा थेट शेजारच्याच्या तोंडावर येतो.

कप लावण्याआधी काच आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरने पुसा. बंद गाडीत उन्हाने डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून वाफ निघते आणि काचेवर आतून एक पातळ चिकट थर बसतो. समोर ऊन नसेल तर डोळ्यांना तो दिसतही नाही. सूर्य समोर आला की पूर्ण फ्रेम दुधाळ होते, आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. लेन्स काचेला जितकी जवळ तितके काचेवरचे डाग धूसर होऊन नाहीसे होतात, म्हणून अंतर दोन-तीन सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. हिरो १२ चा फोकस कायमचा ठरलेला आहे, तो थेंबावर किंवा धुळीवर जाऊन अडकत नाही. मोबाइलच्या तुलनेत पावसात याचा हाच सगळ्यात मोठा फायदा. मोबाइल दर दोन वायपरला फोकस शोधत बसतो.

आता प्रतिबिंब. फिकट रंगाचा डॅशबोर्ड, त्यावरचा गणपती, टोलची पावती, सगळं काचेत उमटतं आणि सह्याद्रीवर तरंगतं. यावर सगळे सीपीएल, म्हणजे चमक कापणारा ध्रुवीकरण फिल्टर सांगतात. फिल्टर चांगलाच आहे, पण पहिला उपाय काळं, चमक नसलेलं कापड. मखमल किंवा जाड फेल्ट डॅशबोर्डवर काचेच्या कडेपर्यंत अंथरा, एसीच्या डीफॉगरची फट मात्र उघडी ठेवा. त्यानंतर जे उरेल ते सीपीएल काढतो. फिल्टर बसवल्यावर गाडी उन्हात उभी करा, स्क्रीनकडे बघत तो हळूहळू फिरवा, प्रतिबिंब सगळ्यात फिकं दिसेल तिथे थांबा. एक-दीड स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), दिवसा त्याने काही बिघडत नाही. ध्रुवीकरण काचेच्या ठरावीक कोनालाच नीट काम करतं, त्यामुळे जास्त झुकलेल्या काचेच्या सेदानमध्ये आणि उभ्या काचेच्या जीपमध्ये एकाच फिल्टरचा परिणाम वेगळा दिसतो.

एक पथ्य: सीपीएल लावून बाजूच्या खिडकीतून टिपू नका. पुढची काच लॅमिनेटेड असते, बाजूची टफन्ड. टफन्ड काचेतले ताण ध्रुवीकृत उजेडात ठिपके आणि इंद्रधनुषी पट्टे होऊन दिसतात. बाजूचा धबधबा टिपायचा असेल तर काच खाली करा किंवा फिल्टर काढा.

पावसाळ्याबद्दल थोडं लांबवून सांगायला हवं, कारण आपल्याकडे या सगळ्या खटाटोपाचा खरा मोसम तोच. काचेवर पाणी न टिकू देणारं कोटिंग घाटात उलटं पडतं. महामार्गाच्या वेगाला वारा थेंबांना वर ढकलून देतो, पण माळशेजमध्ये गाडी तीसच्या वेगाने चाललेली असते. तिथे पाणी पसरण्याऐवजी गोल थेंब होऊन लेन्ससमोर बसून राहतं. कोटिंग नसलेली स्वच्छ काच आणि नवं वायपर रबर यांनी घाटात जास्त चांगलं चित्र येतं. वायपर चित्रात दिसणारच, त्याला इलाज नाही, आणि खरं सांगायचं तर पावसाच्या व्हिडिओत तो हवाच. फक्त रबर आवाज करत असेल तर आधी बदला.

धुक्यात ऑटो एक्स्पोजर फसतं. टोकावड्याच्या पुढे चढ सुरू झाला आणि फ्रेम पांढरी झाली की कॅमेरा तिला राखाडी करायला बघतो, आणि धुकं सिमेंटसारखं दिसतं. ईव्ही कॉम्प, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, अधिक ०.५ करा. स्वच्छ उन्हात उलट, उणे ०.५, नाहीतर ढग जळून जातात. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर बांधून टाका. ऑटोवर ठेवलात तर बोगद्यात, झाडीत आणि उघड्यावर हिरव्याच्या तीन छटा येतात, आणि काचेचा मूळचा हिरवट रंग त्यात भर घालतो तो वेगळाच.

अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर हवं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ किंवा ५० फ्रेमला रस्त्यावरचे दिवे शांत दिसतात. कॅमेरा ६० हर्ट्झवर आणि ३० फ्रेमवर असेल तर रात्री पाम बीचवरच्या दिव्यांचा उजेड धडधडताना दिसतो. महामार्गावरच्या एलईडी फलकांची अक्षरं मात्र तरीही तुटतील. त्यांची लुकलुक विजेच्या तालावर नसते.

एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, घ्यावा का, हा प्रश्न कायमचा. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला शटर १/१००० सेकंदाच्या पुढे जातं, प्रत्येक फ्रेम चाकूने कापल्यासारखी येते आणि रस्त्याकडेची झाडं फडफडतात. एनडी१६ चार स्टॉप उजेड खातो, शटर १/६० च्या आसपास येतं आणि रस्ता वाहायला लागतो. शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे नंबरही आपोआप पुसट होतात. हे सगळं हायपरस्मूथ बंद असेल तरच. चालू असेल तर प्रत्येक खड्ड्याला चित्र स्थिर राहून नुसतं धूसर होतं, ते फार विचित्र दिसतं. पावसाळी दिवशी, घाटात, बोगद्यांच्या रस्त्यावर एनडी काढून ठेवा. समृद्धीवर इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यात सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे आयएसओची कमाल मर्यादा ८०० आणि शटर ऑटो ठेवलं, तर बाहेर पडताना चित्र एखाद-दुसरा सेकंद पांढरं होऊन सावरतं. शटर बांधलेलं असेल तर ते पांढरंच राहतं. निसर्ग टिपायला निघाला असाल तर समृद्धी सोडा, जुन्या कसारा घाटाने जा.

आता उष्णता, म्हणजे या कॅमेऱ्याची गाडीतली खरी परीक्षा. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला अंगावरून वारा हवा असतो. काचेच्या आत वारा नाही, पाठीवर ऊन आहे, आणि केबल जोडली असेल तर आत बॅटरीही चार्ज होतेय. तिन्ही उष्णता एकत्र आल्या की कॅमेरा इशारा देऊन बंद होतो. ५.३के ६० फ्रेमला बॅटरी ७० मिनिटं चालते असा कंपनीचा आकडा आहे. मे महिन्यात बंद गाडीत त्या आकड्यावर विसंबू नका. ४के २५ फ्रेम, मागची स्क्रीन एका मिनिटात बंद, वायफाय बंद, जीपीएसची तर चिंताच नाही (तो यात नाहीच). एसीचा झोत काचेवर सोडला तर मोठा फरक पडतो, फक्त पावसाळ्यात काच बाहेरून धुकणार नाही इतपत.

लांबच्या वाटेला सगळ्यात थंड उपाय म्हणजे बॅटरी काढून कॅमेरा थेट यूएसबी-सीवर चालवणं. त्यासाठी निदान ५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा चार्जर आणि जाड केबल हवी, गाडीच्या स्टिरिओचा यूएसबी पुरत नाही. धोका असा की, वीज क्षणभर तुटली तरी चालू फाइल अर्धवट राहते. ज्या गाड्या सिग्नलला इंजिन आपोआप बंद करतात, त्यांत इंजिन पुन्हा सुरू होताना १२ व्होल्टचं सॉकेट क्षणभर मरू शकतं. कापूरबावडीपासून माजिवड्यापर्यंतच हे तीनदा व्हायचं. स्टार्ट-स्टॉपचं बटण दाबून ते बंद करा, किंवा मधे छोटी पॉवरबँक ठेवा. अर्धवट फाइल कार्डावर राहिली तर कॅमेरा पुढच्या वेळी सुरू होताना ती दुरुस्त करायचा प्रयत्न करतो. त्या वेळी घाईने बंद करू नका.

कार्ड व्ही३० (लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) असलेलं. १२० एमबीपीएसला तासाला ५४ जीबी जातात, म्हणजे २५६ जीबीच्या कार्डावर साडेचार तासांच्या आसपास. ठाणे ते माळशेज जाऊन-येऊन रेकॉर्ड करायचं तर ते पुरणार नाही, आणि तसंही येतानाचा मुरबाड रोड कुणी बघत नाही. कॅमेरा मोठं रेकॉर्डिंग तुकड्यांत साठवतो, आणि त्यांची नावं गोंधळात टाकणारी असतात. ‘जीएक्स’नंतरचे पहिले दोन अंक तुकड्याचे, पुढचे चार रेकॉर्डिंगचे. म्हणजे ०१००४५ नंतर ०२००४५ येतं, पण नावाने लावलं तर मधे ०१००४६ घुसतो. जोडण्याआधी शेवटच्या चार अंकांनी गट करा, मग लॉसलेसकटसारख्या फुकट साधनाने न दाबता जोडा.

आवाजाला फार वेळ घालवू नका. एसीचा पंखा एकवर, खिडक्या बंद, विंड रिडक्शन बंद, आणि गाणी बंद. गाडीत लागलेलं गाणं व्हिडिओत आलं की यूट्यूबची कंटेंट आयडी, म्हणजे हक्काची गाणी ओळखणारी यंत्रणा, त्याला पकडते, आणि नंतर गाणं काढायचं म्हणजे पावसाचा आवाजही जाऊ शकतो.

जीपीएस नसणं ही या कॅमेऱ्याची सगळ्यात न पटणारी गोष्ट. हिरो ११ मध्ये होता, १२ मधून काढला, १३ मध्ये परत आणला. कोपऱ्यात वेग आणि नकाशा दाखवायची हौस असेल तर फोनवर जीपीएक्स ट्रॅक (वाटेची जीपीएस नोंद) नोंदवून घरी जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा १३ घ्या. उलट बाजूने, ८:७ चा उंच सेन्सर इथे जाहिरातीइतका उपयोगी नाही. एकाच फुटेजमधून आडवा व्हिडिओ आणि उभी रील दोन्ही निघतात हे खरं, पण गाडीत वरचा भाग छत आणि खालचा डॅशबोर्ड खाऊन टाकतात. १६:९ आणि लिनिअर लेन्स, एवढंच ठेवा. खांब सरळ राहतात आणि घाटाची भिंत वाकत नाही. रात्रीचं ठाणे किंवा सायन-पनवेल रस्ता हाच मुख्य विषय असेल तर डीजेआय ऑस्मो अ‍ॅक्शन ४ चा १/१.३ इंची सेन्सर जास्त उजेड घेतो, तो बघा.

कुठल्या रस्त्याला कुठल्या वेळी जायचं, हे कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं. पाम बीच सकाळी टिपायचा तर बेलापूरकडून वाशीकडे या, सूर्य पाठीशी राहतो, संध्याकाळी उलट. अटल सेतूही सकाळी चिर्ल्याकडून शिवडीकडे. २१.८ किलोमीटरपैकी साडेसोळा समुद्रावर, मोटारींना वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आणि थांबायला मनाई. ऐकायला भव्य, पण पुढच्या काचेतून सरळ रस्ता आणि दोन्हीकडे कठडे एवढंच येतं, आणि ट्रॉम्बेच्या बाजूला काही भागात दृश्यच अडवलेलं आहे. टाइमवार्प (व्हिडिओ वेगाने पळवणारी सोय) दहापट लावा आणि दोन मिनिटांत संपवा. बंदर आणि नौदलाच्या परिसरातून जाताना, म्हणजे उरणकडच्या वाटेवर, रेकॉर्डिंग बंद ठेवलेलं बरं. आणि गाडी चालवताना हातात मोबाइल धरून लाइव्ह करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, घाट कितीही सुंदर असला तरी.

टाकताना पहिला आणि शेवटचा किलोमीटर कापा, म्हणजे सोसायटीचं गेट कुणाला दिसणार नाही. व्हिडिओ ४के मध्येच चढवा; १०८०पी चढवला तर यूट्यूब तो जास्त दाबतो आणि पानापानांचं हिरवं ढवळून निघतं. शीर्षकात महिना आणि वर्ष लिहा, कारण बघणारे अर्धे लोक घाट बघायला नाही, रस्ता सध्या कसा आहे ते बघायला येतात. टप्पे दाखवायचे तर वर्णनात पहिली वेळ ०:०० हवी, निदान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक टप्पा दहा सेकंदांचा तरी हवा, नाहीतर ते उमटत नाहीत.

सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच बॅटरी बाहेर काढून बघा. फुगलेली असेल तर निघताना अडते, आणि ती गाडीत तापलेल्या कॅमेऱ्याची खूण समजा. लेन्सवरची काच फिरवून निघते का, खाली घडी होणारे दोन दांडे ढिले झालेत का, यूएसबीच्या दाराचं रबर फाटलंय का, ते पाहा. मग ४के २५ फ्रेमला वीस मिनिटं सलग रेकॉर्ड करायला लावा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. वीस मिनिटांत जो कॅमेरा एसीच्या दुकानात बंद पडतो, तो मुरबाडसुद्धा गाठणार नाही.